विंडोज ११ टाकली आणि पासवर्ड गायब? आधी हे तपासा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्याच्या आगेमागे घरांतले, दुकानांतले, क्लासेसमधले कितीतरी कॉम्प्युटर विंडोज ११ वर गेले. काही जागेवरच अपग्रेड झाले, काही कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याकडून 'नवीन विंडोज मारून' आले. मग लाइट बिल भरायला बसावं, तर पासवर्डचा रकाना कोरा. किंवा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलपात सांभाळणारं सॉफ्टवेअर, उघडतो, पण मास्टर पासवर्ड (त्या कुलपाची एकमेव किल्ली) चुकीचा आहे म्हणून अडून बसतो. किंवा कालपर्यंत बोट टेकवलं की उघडायचा, आज बोटाला ओळखच देत नाही.

पासवर्ड मॅनेजर नुकताच वापरायला लागलेल्यांसाठी हा लेख आहे. उदाहरणं मुख्यतः तीन घेतली आहेत, कारण तिघांची पासवर्ड ठेवायची जागा वेगळी आहे: क्रोममधला गूगलचा मॅनेजर, आपल्या सर्व्हरवर पासवर्ड कुलूपबंद ठेवणारा बिटवॉर्डन, आणि तुमच्याच डिस्कवरच्या एका फाइलीत सगळं ठेवणारा कीपासएक्ससी. तुमचा मॅनेजर वेगळा असला तरी तो या तिघांपैकी कुणाच्या तरी जातकुळीतला निघेल.

शोध एकाच गोष्टीचा घ्यायचा आहे. पासवर्ड राहतात कुठे, आणि तिथपर्यंत जायची वाट कुठे तुटली? अपग्रेडमध्ये बहुधा वाट तुटते, पासवर्ड जागेवरच असतात. ते खरोखर जातात ते नंतरच्या हातघाईत.

आधी हात आवरा

गडबडीत माणूस पहिलं काय करतो, तर मॅनेजर काढून परत टाकतो. ते नको. एक्स्टेन्शन (मॅनेजरचा ब्राउझरला जोडलेला छोटा भाग) काढलं की त्याच्याजवळची कुलूपबंद प्रतही जाते. लॉग आउटही करू नका. 'लॉक' आणि 'लॉग आउट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॉक असताना पासवर्डांची सांकेतिक प्रत कॉम्प्युटरवरच असते आणि बिटवॉर्डनसारखा मॅनेजर नेट नसतानाही मास्टर पासवर्डने ती उघडून देतो. लॉग आउट केलंत की ती प्रत पुसली जाते. परत आत यायला ईमेल, मास्टर पासवर्ड, ओटीपी असा सगळा लवाजमा लागतो.

डिस्क क्लीनअप आणि 'पीसी फास्ट करा' छापाची सॉफ्टवेअरं सध्या बंद ठेवा. विंडोजचा पासवर्ड विसरला म्हणून कुणाकडून पेनड्राइव्ह लावून तो उडवूनही घेऊ नका. त्यामागचं कारण क्रोमच्या भागात येईल.

आता फोन हातात घ्या. त्यावर क्रोम असेल तर सेटिंग्जमधून गूगल पासवर्ड मॅनेजर उघडा, बिटवॉर्डन असेल तर त्याचं ॲप उघडा. तिथे पासवर्ड दिसले की निम्मं ओझं उतरलं, कारण मग उरलेलं काम फक्त कॉम्प्युटरला रांगेला लावायचं आहे. मात्र सगळं सुरळीत होईपर्यंत त्या फोनवरून लॉग आउट होऊ नका. ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड तेवढा कागदावर उतरवून घ्या. पासवर्ड कागदावर लिहू नयेत हा उपदेश आजच्यापुरता बाजूला ठेवायला हरकत नाही.

अपग्रेड झालं की फॉरमॅट?

रिपेअरवाला 'अपग्रेड करून दिलं' म्हणतो तेव्हा त्याने नेमकं काय केलं ते तुम्हालाच बघावं लागतं. सी ड्राइव्ह उघडा आणि दोन गोष्टी पाहा: 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर आहे का, आणि 'यूजर्स' फोल्डरात कोणकोणती नावं आहेत.

यूजर्समध्ये तुमचंच जुनं नाव आहे, डेस्कटॉपवरच्या फाइली आणि सॉफ्टवेअरं जागच्या जागी आहेत, म्हणजे खरंखुरं अपग्रेड झालं आहे. पासवर्डही जवळपास नक्की जागेवर आहेत. थेट मास्टर पासवर्डच्या किंवा ब्राउझरच्या भागाकडे जा.

तुमच्या नावाशेजारी 'टेम्प' नावाचं फोल्डर दिसतंय आणि डेस्कटॉप कोरा आहे? मग विंडोजला तुमचं खातं नीट उघडता आलेलं नाही आणि तिने एक तात्पुरतं खातं पुढे केलं आहे. या खात्यात काहीही साठवू नका, साइन आउट होताच ते नाहीसं होतं. एक-दोनदा रीस्टार्ट करून पाहा. पुष्कळदा तेवढ्याने जुनं खातं परत उघडतं आणि पासवर्डही दिसू लागतात.

तिसरा प्रकार आपल्याकडे सर्रास दिसतो. यूजर्समध्ये तुमचं नावच नाही, त्याऐवजी 'ॲडमिन' किंवा नुसतं 'यूजर' असं काहीतरी आहे. विंडोज कोरी टाकली आणि दुकानात सोयीचं नाव देऊन खातं उघडलं. अशा वेळी तुमचं जुनं फोल्डर विंडोज डॉट ओल्डच्या आतल्या यूजर्समध्ये सापडू शकतं. ते उघडताना परवानगी विचारली जाईल, 'कंटिन्यू' म्हणा आणि अख्खं फोल्डर आजच्या आज बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. आजच्या आज म्हणायचं कारण असं की विंडोज डॉट ओल्ड साधारण १० दिवसांनी आपणहून पुसलं जातं.

अपग्रेडवाल्यांनाही तेवढेच १० दिवस सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी या वाटेने 'गो बॅक' म्हणून जुन्या विंडोजवर परतता येतं. कोरी विंडोज टाकली असेल तर हे बटण उपयोगाचं नाही.

आणि विंडोज डॉट ओल्डही नाही, जुनं नावही नाही? मग डिस्क पुसली गेली आहे किंवा जुनी हार्ड डिस्क काढून नवीन एसएसडी बसवली आहे. दुसरी शक्यता असेल तर दुकानात फोन करून जुनी डिस्क आधी ताब्यात घ्या. लोक ती बिनकामाची म्हणून तिथेच सोडून येतात.

मास्टर पासवर्ड 'चुकीचा' आहे म्हणतो

पासवर्ड बरोबर आहे याची तुम्हाला शंभर टक्के खात्री आहे. मग बोटं आणि पडदा यांच्यामध्ये कुठेतरी घोळ आहे.

कीबोर्ड बघा. विंडोज नव्याने बसली की भाषांचा क्रम बदलू शकतो. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडलेला असेल आणि तोच चालू राहिला असेल, तर के-ए-एम-ए-एल या पाच कळा दाबल्यावर रकान्यात 'कमल'ऐवजी 'कोसोत' जातं. तुम्हाला मात्र दिसतात नुसते पाच काळे ठिपके. विंडोजची कळ दाबून स्पेसबार दाबा, इंग्रजी निवडा आणि परत टाइप करा.

इंग्रजीतही पोटभेद आहेत. यूके कीबोर्डवर शिफ्ट आणि २ दाबलं की दुहेरी अवतरणचिन्ह उमटतं, अमेरिकी कीबोर्डवर ॲट द रेट. लंडनहून आणलेल्या लॅपटॉपवर इथे विंडोज टाकून घेतली किंवा इथला लॅपटॉप तिकडे नेऊन भाषा निवडताना यूके केलं, की ज्याच्या पासवर्डात ॲट द रेट आहे त्याचं गाडं अडलंच. भारतातल्या मशीनवर इंग्रजी इंडिया किंवा इंग्रजी युनायटेड स्टेट्स यांपैकी काहीही असलं तरी ही नेहमीची चिन्हं जागेवर मिळतात.

काय टाइप होतंय ते पाहायला रकान्याच्या टोकाचं डोळ्याचं चिन्ह वापरा. नोटपॅडमध्ये लिहून पाहायचा मोह टाळा. विंडोज ११ चं नोटपॅड न सेव्ह केलेला मजकूरही जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तसाच समोर आणतं. मास्टर पासवर्ड तिथे राहायला नको.

काही हौशी लोकांनी मास्टर पासवर्ड देवनागरीतच ठेवलेला असतो. कल्पना छान आहे, पण तिच्यात एक खाच आहे. समजा पासवर्डात 'दऱ्याखोऱ्या' हा शब्द आहे. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एका कीबोर्डवर नुक्त्याच्या र ला हलन्त देऊन, दुसऱ्यावर साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडचिन्हाचा कोड लावून. पडद्यावर दोन्ही डोळे फोडून बघितले तरी सारखेच. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ते दोन निरनिराळे पासवर्ड. विंडोज बदलताना कीबोर्ड बदलला असेल, उदाहरणार्थ इनस्क्रिप्ट जाऊन फोनेटिक आला असेल, तर जुना कीबोर्ड परत जोडून बघा. आणि एकदा आत शिरलात की मास्टर पासवर्ड रोमन अक्षरांत करून टाका. शब्द मराठीच ठेवा, चार-पाच असंबद्ध शब्दांची साखळी उत्तम. फक्त लिपी रोमन.

कीबोर्डचा दोष नसेल तर बिटवॉर्डनवाल्यांनी लॉगिनच्या पानावर सर्व्हरचं नाव वाचावं. बिटवॉर्डनचे अमेरिकेतले आणि युरोपातले सर्व्हर वेगळे आहेत आणि खातं एकाच ठिकाणी असतं. नव्याने टाकलेलं ॲप डॉट कॉम धरून चालतं. तुमचं खातं डॉट ईयूवर असेल तर पासवर्ड अचूक असूनही तो चुकीचाच ठरतो. ईमेलही नीट तपासा. दोन जीमेल खाती असलेला माणूस हमखास दुसरंच टाकतो.

एवढं करूनही उघडत नसेल तर इंटरनेटवर 'पासवर्ड रिकव्हरी हेल्पलाइन' शोधायला जाऊ नका. तुमचा मास्टर पासवर्ड बिटवॉर्डनकडे नसतोच, मॅनेजरची रचनाच तशी आहे. तेव्हा जो कुणी फोनवर 'काढून देतो, आधी स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाका' म्हणेल तो भामटा समजा. चुकून कुणाच्या नादी लागून पैसे गेले असतील तर तडक १९३० ला फोन करा, ती भारत सरकारची सायबर गुन्ह्यांसाठीची हेल्पलाइन आहे.

मॅनेजर उघडतो, पण पानावर भरत नाही

आधी बघा, तुम्ही कोणत्या ब्राउझरमध्ये आहात. अपग्रेडनंतर विंडोज 'तुमचं सेटअप पूर्ण करू या' अशी काही पानं दाखवते, त्यातलं एक एज, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर, वापरा म्हणून सुचवतं. पुढे-पुढे करत गेलं की लिंका एजमध्ये उघडायला लागतात आणि आपण मात्र क्रोमचे पासवर्ड तिथे शोधत बसतो. त्याहून फसवा प्रकार म्हणजे एजने पूर्वी कधीतरी क्रोममधले पासवर्ड उचलून आणलेले असतात. मग रकाना भरतो, पण दोन वर्षांपूर्वीच्या पासवर्डने. बँकेच्या पानावर असं झालं तर दोनदा-तीनदा दामटू नका, खातं काही काळासाठी लॉक होईल. सेटिंग्जमध्ये ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स इथे जाऊन आपला ब्राउझर परत नेमा.

ब्राउझर बरोबर असेल तर उजव्या कोपऱ्यातलं गोल चित्र पाहा. क्रोममध्ये एकाच कॉम्प्युटरवर अनेकांची प्रोफाइलं असतात. मुलाच्या प्रोफाइलमध्ये तुमचे पासवर्ड कसे येतील? आपल्याच खात्याने साइन इन केलंय ना, आणि पासवर्डांचं सिंक (खात्यातून आपोआप सगळीकडे पोचणं) चालू आहे ना, हे बघा. कधी काळी सिंकसाठी वेगळा पासफ्रेज ठेवला असेल तर तो दिल्याशिवाय पासवर्ड उतरणार नाहीत.

बिटवॉर्डनचं चिन्ह दिसत नसेल तर ते बहुधा कोड्याच्या तुकड्यासारख्या चिन्हामागे लपलेलं असतं, तिथून पिन करा. फार जुनी एक्स्टेन्शनं क्रोमने आपल्या नव्या नियमांनुसार २०२४-२५ मध्ये बंद पाडली. तुमचं त्यांतलं असेल तर क्रोमचं एक्स्टेन्शनचं पानच तसं सांगेल. त्यात विंडोजचा दोष नाही, योग एकत्र आला इतकंच.

एक सल्ला माझ्या मर्जीने देतो: दोन मॅनेजर एकदम चालू ठेवू नका. क्रोम एकीकडून विचारतो, बिटवॉर्डन दुसरीकडून, आणि सहा महिन्यांनी नवा पासवर्ड कोणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. एक ठरवा आणि दुसऱ्याचं 'पासवर्ड सेव्ह करायचा का' हे विचारणं सेटिंगमधून बंद करा. सगळे पासवर्ड एकीकडे आल्याची खात्री झाल्यावरच, अर्थात.

बोट आणि पिन चालेना

बोट, चेहरा आणि पिन हे विंडोज हॅलोचं काम. त्याची किल्ली मशीनमधल्या टीपीएम चिपशी, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या सुरक्षा-चिपशी, बांधलेली असते. विंडोज ११ साठी बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) जाऊन टीपीएम चालू करावं लागलं असेल, बायोस अपडेट झाला असेल किंवा मदरबोर्ड बदलला असेल तर ही किल्ली निकामी होऊ शकते आणि 'पिन उपलब्ध नाही' अशी सूचना येते. यात मॅनेजरमधले पासवर्ड अजिबात जात नाहीत. बोट हा शॉर्टकट होता, मूळ दरवाजा मास्टर पासवर्डचाच.

क्रमाने करा. लॉगिनच्या पडद्यावर पिनऐवजी मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पासवर्डने आत या. सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स इथे जुना पिन काढून नवा करा, बोट परत नोंदवा. बोटाचा पर्यायच दिसत नसेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या वेबसाइटवरून विंडोज ११ चा फिंगरप्रिंट ड्रायव्हर टाका. मग मॅनेजर मास्टर पासवर्डने उघडा, त्यातलं विंडोज हॅलोचं बटण बंद करून परत चालू करा. बिटवॉर्डनच्या ब्राउझरमधल्या एक्स्टेन्शनला बोट चालायला हवं असेल तर त्याचं डेस्कटॉप ॲपही चालू लागतं आणि त्यात ब्राउझर इंटिग्रेशनला परवानगी द्यावी लागते. ते ॲप कोऱ्या विंडोजवर टाकायचंच राहून गेलेलं असतं.

क्रोममधले पासवर्ड, आणि मध्ये फॉरमॅट

सगळ्यात अवघड प्रकरण हे. गूगल खात्याने साइन इन न करता नुसतेच क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड, आणि विंडोज कोरी टाकलेली.

क्रोम पासवर्ड डिस्कवरच्या फाइलीत ठेवतो खरा, पण ज्या किल्लीने ती फाइल कुलूपबंद असते ती विंडोजमधल्या तुमच्या खात्याशी बांधलेली असते. म्हणून जुनं क्रोमचं फोल्डर उचलून नव्या विंडोजमध्ये ठेवलं तर बुकमार्क येतात, हिस्टरी येते, पासवर्ड मात्र येत नाहीत. तेच नाव आणि तोच पासवर्ड देऊन नवं खातं उघडलं तरी विंडोजच्या लेखी ते वेगळंच खातं असतं.

पेनड्राइव्ह लावून विंडोजचा पासवर्ड उडवू नका म्हटलं ते यासाठीच. कॉम्प्युटरवरच्या स्थानिक खात्याचा पासवर्ड असा बाहेरून बदलला की ती किल्ली उघडेनाशी होते. तसं झालेलंच असेल आणि जुना पासवर्ड आठवत असेल, तर विंडोजला तोच परत देऊन पाहा. किल्ली पुन्हा लागू शकते.

कोरी विंडोज टाकल्यावर आशा उरते ती जुन्या डिस्कची. रिपेअरवाल्याने एसएसडी बसवून जुनी हार्ड डिस्क परत दिली असेल, तर त्या डिस्कवर तुमची जुनी विंडोज अजून जिवंत आहे. यूएसबी केसिंगमध्ये घालून नुसत्या फाइली दिसतील, त्याचा इथे उपयोग नाही. ती डिस्क त्याच मशीनमध्ये आत बसवून तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू करायचा, जुन्या खात्यात शिरायचं, क्रोम उघडायचा आणि गूगल पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंगमधून पासवर्ड एक्स्पोर्ट करायचे. किंवा तिथेच गूगल खात्याने साइन इन करून सिंक होऊ द्यायचं. सुरू होताना बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीने) ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका, मायक्रोसॉफ्ट खाते वापरत असाल तर ती बहुधा त्या खात्याच्या वेबसाइटवर 'डिव्हाइसेस'मध्ये जपलेली असते.

फायरफॉक्सवाले इथे सुखी आहेत. त्याची किल्ली त्याच्याच प्रोफाइल फोल्डरात असते. जुन्या प्रोफाइलमधल्या 'लॉगिन्स डॉट जेसन' आणि 'की-फोर डॉट डीबी' या दोन्ही फाइली, फायरफॉक्स बंद करून, नव्या प्रोफाइलमध्ये ठेवल्या की पासवर्ड हजर. एकच उचलून चालत नाही, जोडीनेच न्यायच्या. नव्या प्रोफाइलमध्ये आधीच काही पासवर्ड साठवले असतील तर ते पुसले जातील, म्हणून हे काम पहिल्याच दिवशी करावं.

कीपासएक्ससी: फाइल सापडली की झालं

इथे सगळा कारभार एका फाइलीत, शेवटी डॉट केडीबीएक्स असलेल्या. विंडोज कोणतीही असो, मॅकवर किंवा लिनक्सवर न्या, फाइल आणि मास्टर पासवर्ड असेल तर उघडणारच.

'फाइल सापडत नाही' असा निरोप आला तर संशय वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीवर, घ्या. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने शिरताना बॅकअपला होकार दिला की डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप ही फोल्डरं वनड्राइव्हच्या आत सरकतात. फाइल आहे तिथेच आहे असं तुम्हाला वाटतं, पत्ता मात्र बदललेला असतो. मॅनेजरमधून 'ओपन' करून नव्या पत्त्यावरून उघडा. फाइलीशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर उजवं क्लिक करून 'नेहमी या डिव्हाइसवर ठेवा' असा पर्याय निवडा, नाहीतर नेट गेलं त्या दिवशी पासवर्डही गेले. नाव तेच आणि पुढे कॉम्प्युटरचं नाव चिकटलेली दुसरी फाइल दिसली तर ती घाईने पुसू नका. दोन्ही उघडून नवी कोणती ते बघा. कीपासएक्ससीमध्ये दोन फाइली एकत्र करायची सोयही आहे.

की फाइल (मास्टर पासवर्डच्या जोडीला दुसरी किल्ली म्हणून दिलेली फाइल) वापरत असाल तर तीही शोधावी लागेल, आणि ती जशीच्या तशी हवी. की फाइल म्हणून एखादा फोटो ठेवला होता आणि आता तो व्हॉट्सॲपवरून परत मागवला, तर तो दिसायला तोच असेल, पण व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, म्हणजे फाइल बदलली. असं कुलूप उघडत नाही. मूळ फोटो कुठे आहे तेच शोधा.

मूळ कीपास (कीपासएक्ससी ज्याच्यावरून निघाला तो वेगळा प्रोग्राम) वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. त्यात कुलपाला 'विंडोज यूजर अकाउंट' जोडायचा पर्याय आहे. तो वापरला असेल तर कोऱ्या विंडोजवर मास्टर पासवर्ड असूनही फाइल उघडत नाही. अजून जुन्या विंडोजवर असाल तर आजच तो पर्याय काढून टाका.

ब्राउझरशी जोडणी तुटली असेल तर कीपासएक्ससीच्या सेटिंगमध्ये ब्राउझर इंटिग्रेशनखाली तुमच्या ब्राउझरपुढची खूण काढा, परत करा, ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा आणि एक्स्टेन्शनमधलं 'कनेक्ट' दाबा.

'हे नवीन डिव्हाइस आहे' आणि चुकलेलं घड्याळ

कोऱ्या विंडोजवरून लॉगिन केलं की मॅनेजरला कॉम्प्युटर अनोळखी वाटतो आणि तो ईमेलवर कोड पाठवतो. ईमेलचा पासवर्ड कुठे आहे? मॅनेजरच्या आत. या चक्रातून सोडवतो तो फोनवर आधीच उघडा असलेला ईमेल. म्हणून तर फोनवरून लॉग आउट होऊ नका म्हटलं. ओटीपीचं ॲप हरवलं असेल तर बिटवॉर्डनचा ३२ अक्षरी रिकव्हरी कोड लागतो. वनपासवर्ड हा आणखी एक मॅनेजर मास्टर पासवर्डखेरीज ३४ अक्षरी सीक्रेट की मागतो. ती खातं उघडताना मिळालेल्या 'इमर्जन्सी किट' नावाच्या पीडीएफमध्ये असते. त्या फाइलीची छापील प्रत घरच्या कागदपत्रांत सापडते का बघा.

ओटीपी बरोबर असून नाकारला जात असेल तर कॉम्प्युटरचं घड्याळ पाहा. मॅनेजरमध्येच तयार होणारे सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतात आणि ते वेळेवरूनच बनतात. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी मागे-पुढे झालेलं दिसतं. लिनक्स मशीनमधलं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर ठेवतं, विंडोज ते भारताची वेळ समजून वाचते. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम इथे 'सिंक नाउ' दाबा. तारीखच काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा छोटा गोल सेल संपला आहे. अशा वेळी कुठलीच सुरक्षित वेबसाइट धड उघडत नाही.

मॅक आणि उबुंटूवाल्यांसाठी थोडक्यात

मॅकओएस सिकोया, म्हणजे १५ व्या आवृत्तीत, २०२४ पासून पासवर्डांसाठी स्वतंत्र 'पासवर्ड्स' ॲप आलं. जुन्या जागी सापडत नसतील तर तिथे बघा. दुसरा मॅनेजर वापरत असाल तर सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, ऑटोफिल अँड पासवर्ड्स इथे त्याला परवानगी द्या, सफारीत एक्स्टेन्शनही चालू करा. मॅकवर क्रोम उघडताना 'क्रोम सेफ स्टोरेज'साठी कीचेनची (मॅकच्या किल्ल्यांच्या पेटीची) परवानगी मागितली तर लॉगिनचा पासवर्ड देऊन 'ऑलवेज अलाउ' म्हणा. 'डिनाय' केलंत तर पासवर्डांची यादी रिकामी दिसेल.

उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप पॅकेजमधून येतो आणि बंदिस्त खोलीत चालतो. कीपासएक्ससीशी त्याचं बोलणं त्यामुळेच अडतं. अपडेट करूनही जमेना तर मोझिलाच्या रिपॉझिटरीतलं डेब पॅकेज टाकणं हा मला सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग वाटतो.

एक्स्पोर्ट केलेल्या फाइलीचं काय करायचं

सगळं जागेवर आलं की एक प्रत काढून ठेवा. बिटवॉर्डनमध्ये एक्स्पोर्ट करताना पासवर्डने कुलूपबंद केलेली जेसन फाइल निवडा आणि पेनड्राइव्हवर ठेवा. कीपासएक्ससीची तर केडीबीएक्स फाइल कॉपी केली की झालं. क्रोम मात्र सीएसव्ही देतो. ती साधी मजकुराची फाइल आहे, एक्सेलमध्ये उघडली की सगळे पासवर्ड ओळीने वाचता येतात. ती डेस्कटॉपवर सेव्ह करू नका, कारण वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर काही क्षणांत ती ढगात पोचलेली असते. सरळ पेनड्राइव्हवर घ्या, नव्या मॅनेजरमध्ये इम्पोर्ट करा, पाच-सहा नोंदी उघडून पडताळा आणि मग शिफ्ट धरून डिलीट करा. आधीच डेस्कटॉपवर ठेवली असेल तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवर जाऊन तिथला रिसायकल बिनही रिकामा करा.